बाळाच्या बाजूचं शिसं

बाजाराच्या मागच्या गल्लीत कुलूपवाला आणि इस्त्रीवाली यांच्या मधे एक खोली आहे. दोन गिऱ्हाइकं एकदम आत शिरली तर एकाला उलट पावली बाहेर यावं लागतं, एवढीच. भिंतीवर तराजूच्या दांड्या टांगलेल्या, खाली पारड्यांची चळत, कोपऱ्यात शिसं वितळवायची काळीठिक्कर पळी, आणि मधोमध लाकडी खोक्यावर मांडी ठोकून बसलेली बाई. गल्लीत तिला काटेवाली म्हणतात; वयाने लहान असतील ते मावशी म्हणतात. धंदा तिच्या सासरचा. पण तिचा नवरा तराजूसमोर बसला की पाचव्या मिनिटाला त्याच्या पायाला मुंग्या यायच्या, म्हणून सासऱ्याने एक दिवस कानस मुलाच्या हातातून काढून घेतली आणि सुनेच्या हातात दिली. मुलगा टेम्पोवर गेला आणि सुखी झाला. सून खोक्यावर बसली ती बसलीच. त्याला आता बत्तीस वर्षं झाली.

बाई तोंडाने फटकळ. काट्यात थोडी लबाडी करून दे म्हणणाऱ्या एका दुकानदाराला तिने त्याचीच दांडी हातात घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत पोचवलं होतं. त्यानंतर तसं विचारायला कुणी आलं नाही.

सासऱ्याने तिला धंदा शिकवला तो एका रिवाजासकट. काटा आधी बिनचूक करायचा, इतका की पारड्यावर माशी बसली तरी कळावं. मग अगदी शेवटी, हात धुवायच्या आधी, घेणाऱ्याच्या बाजूने केसभर झुकतं ठेवायचं. वजनाच्या पारड्याखाली मुगाएवढा शिशाचा ठिपका. म्हणजे तांदूळ घेणाऱ्याच्या पिशवीत चार दाणे जास्तच पडतात, कमी कधी पडत नाहीत. दुकानदारांना हे ठाऊक होतं. या गल्लीतला काटा आहे म्हटलं की गिऱ्हाईक डोळे मिटून माल घेतं, म्हणून तेही कुरकुर न करता तो ठिपका चालवून घेत. काटेवालीने आजवर काही हजार ठिपके लावले असतील. हाताला विचारावं लागत नव्हतं.

मग बॅटरीवरचे काटे आले. बटण दाबलं की आकडा. तिच्याकडची कामं रोडावली. नवरा म्हणायचा, आता टेम्पोत माझ्या शेजारी बस, किमान आरशात बघायला तरी कुणीतरी पाहिजे. ती त्याच्याकडे बघायचीही नाही, पण दांड्यांवरची धूळ पुसताना तिचा हात पूर्वीपेक्षा जोरात चालायचा.

अशात एक दिवस दवाखान्यातली नर्सबाई खोलीच्या दारात उभी राहिली. तिच्या हातात तान्ह्या मुलांना तोलायचा एक टांगता काटा होता, घड्याळासारखी तबकडी असलेला. स्प्रिंग ढिली पडली होती. काटेवालीने तो उलटसुलट करून पाहिला आणि सांगितलं की स्प्रिंग बदलेन, पण हे यंत्र बनवणाऱ्याने आयुष्यात मूल काही तोललेलं दिसत नाही. नर्सबाई हसली आणि दारातच बसली. मग तिचं गाऱ्हाणं निघालं. नाल्यापलीकडच्या वस्तीत महिन्यातून एकदा मुलं तोलायची. मूल झोळीत घातलं की ते पाय झाडतं, तबकडीवरचा काटा नाचतो, तोलणाऱ्या बाईला बारीक रेघा वाचता येत नाहीत, आणि मग वहीत जो आकडा पडतो तो अंदाजपंचे. मूल आतून खंगत जातं आणि वहीत गुबगुबीत राहतं. कळतं तेव्हा गळ्याशी आलेलं असतं. विजेवरचे चांगले काटे महाग, आणि वस्तीत वीज येते तेव्हा येते.

काटेवालीने त्या दिवशी दुसरं काही काम केलं नाही. नवऱ्याने डबा आणला तो तसाच राहिला. तिच्या डोक्यात एकच बसलं होतं: आकडा वाचायलाच लागू नये.

तिसऱ्या आठवड्यात तिने जे उभं केलं त्याला गल्लीतले लोक आधी हसले. पाण्याच्या जुन्या नळाची हातभर लांब नळी, एका टोकाजवळ तिला टांगायची कडी. कडीच्या अलीकडे, आखूड बाजूला, एक लोखंडी आकडा आणि त्याला अडकवलेली जुन्या चादरीची झोळी. पलीकडे, लांब बाजूला, मागेपुढे सरकणारं एक लोखंडी वजन, आणि नळीवर कानशीने पाडलेल्या खाचा. प्रत्येक खाच म्हणजे एक महिना, दर सहावी खाच लांब, म्हणजे बोटाने चाचपून मोजता यावी. मुलींच्या खाचा एका अंगाला, मुलांच्या दुसऱ्या. त्या-त्या महिन्याला मूल किमान किती भरायला हवं याचा कागद नर्सबाईने दिला होता. त्यावरून काटेवालीने खाचा पाडल्या. मूल किती महिन्यांचं ते आईला विचारायचं, वजन त्या खाचेवर सरकवायचं, आणि बघायचं. मूल खाली गेलं तर खुशाल. मूल वर गेलं तर दवाखाना.

पाय झाडण्याचाही बंदोबस्त केला होता. नळीच्या लांब टोकापासून एक सळई खाली तेलाच्या डब्यात सोडलेली, सळईच्या टोकाला भोकं पाडलेली पत्र्याची चकती. मुलाने कितीही धिंगाणा घातला तरी चकती तेलातून सावकाशच हलायची आणि दांडी म्हशीसारखी शांत राहायची. सगळा मिळून भंगाराचा जीव, वेल्डिंगवाल्याचा तासाभराचा वेळ, आणि तिचे हात.

नर्सबाईने तिच्या वरच्या साहेबांना दाखवलं. साहेब म्हणाले, तीन महिने एका वस्तीत वापरून बघा, दवाखान्याच्या काट्याशी मेळ बसला तर सगळ्या वस्त्यांना घेऊ. काटेवाली नवऱ्याला एवढंच म्हणाली की टेम्पोत बसायचं तूर्त राहू दे.

वस्तीत तोलायचं काम इस्त्रीवालीकडे आलं. ती राहायला तिथंच होती, अक्षरओळख नव्हती, पण आवाज असा की रांग आपोआप सरळ व्हायची. शिवाय तिच्या घरातही एक तोलायचं मूल होतं. तिची सून बाळंत झाली होती. जन्मताना मुलगी चांगली टपोरी होती म्हणून तिला ठमी म्हणू लागले आणि तेच नाव चिकटलं.

पहिल्या तोलायच्या दिवशी काटेवाली मुद्दाम वस्तीत गेली. हातचं काम चालताना बघायचा मोह कुणाला नसतो. एकामागून एक मुलं झोळीत बसली, दांडी सावकाश खाली गेली, बायका हसल्या. मग एका कोवळ्या पोरीचं बाळ वर गेलं. रांगेत तिची सासू मागेच उभी होती. ती सगळ्यांदेखत म्हणाली की हिच्या अंगातच दम नाही तर पोराच्या कुठून येणार. पोरीने बाळ उचललं, पदरात घेतलं आणि रांगेच्या मागे जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाळ नुसतं थोडं कमी भरलं होतं. नर्सबाईने ते त्याच दिवशी तपासलंही. पण काटेवालीच्या डोळ्यांपुढून ती भिंतीकडची पाठ हलेना. आपल्या काट्याने एका बाईची मान खाली घातली, हे तिला खुपत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दांडी तेलपाणी करायला तिच्या खोलीत आली. तिने नळी पुसली, कडी पुसली, बिनचूक आहे का ते पाहिलं. बिनचूक होती. मग हात धुवायच्या आधी तिने पळीत शिसं वितळवलं आणि बाळाच्या आकड्याला बोराएवढे दोन गोळे लावले. घेणारा इथं कोण, तर बाळ. त्याच्या बाजूने थोडं झुकतं राहिलं तर कुणाच्या बापाचं काय जातं. तिला यात काही वावगं वाटलं नाही. उलट, काम आता कुठं पुरं झालं असं वाटलं.

तीन महिने सगळं झकास चाललं. मुलं खाली जात होती, आया हसत घरी जात होत्या. इस्त्रीवाली तर टेंभा मिरवायला लागली. गिऱ्हाइकाच्या शर्टावर इस्त्री फिरवता फिरवता सांगायची की आमच्या वस्तीत एक मूल वर जात नाही.

मग ठमीला खोकला झाला. सुनेने तिला दवाखान्यात नेलं आणि नर्सबाईने सवयीने तिला तिथल्या काट्यावर ठेवलं. आकडा बघून तिने ठमीला उचललं, काटा शून्यावर आणला आणि परत ठेवलं. मुलगी सात महिन्यांची होती आणि किमान रेषेच्या खाली होती. खोकल्याने दोन दिवसांत एवढी उतरत नाही. ही कितीतरी आठवडे उतरत आली असणार. वस्तीच्या वहीत मात्र तीनही महिने ठमीच्या नावापुढे खाली गेल्याची खूण होती.

नर्सबाई तडक गल्लीत आली, आणि आली ती काटेवालीकडे नाही, शेजारी. तिने आवाज चढवला नाही, पण शब्द टोचणारे होते. खाच चुकवलीस का, की स्वतःची नात म्हणून वजन अलीकडे सरकवलंस, असं तिने इस्त्रीवालीला विचारलं. इस्त्रीवालीने इस्त्री उभी केली. एरवी ही बाई समोरच्याला वाक्य पुरं करू देत नसे. आज तिने आपली बोटं उलटसुलट करून पाहिली.

"मी बोटाने मोजते, बाई," ती शेवटी म्हणाली. "लांब खाच म्हणजे सहा, पुढची सात. मला मेलीला वाटतं मी नीट मोजते. पण चुकले असेन. माझ्या बोटांना इस्त्रीने घट्टे पडलेत, कळत नसेल मला."

काटेवाली आपल्या खोक्यावर बसून हे ऐकत होती. मधे फक्त पत्र्याची भिंत. तिने मनातल्या मनात हिशेब केला. बोराएवढे दोन गोळे म्हणजे पाव किलोच्या निम्मे. ठमी त्या निम्म्या पावात बसून तीन महिने खाली गेली होती. दांडी या क्षणी तिच्या समोरच्या खुंटीवर होती, कारण उद्या तोलायचा दिवस. कानशीचे दहा हात मारले असते तर शिसं गेलं असतं आणि पत्र्यापलीकडची बाई जन्मभर आपल्या बोटांना दोष देत बसली असती. साहेबांचं सगळ्या वस्त्यांचं काम मिळालं असतं. बत्तीस वर्षांचं नाव जिथल्या तिथं राहिलं असतं.

हे सगळं तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि तिने कानसही उचलली. मग ती कानस हातात घेऊनच पत्र्याच्या भिंतीला वळसा घालून पलीकडे गेली.

"तिची बोटं ठीक आहेत," ती म्हणाली. "दांडी मी वाकडी केली."

नर्सबाईला आधी कळेना. काटेवालीने दांडी आणून आकड्याखालचं शिसं दाखवलं. का लावलं ते सांगताना तिची जीभ पहिल्यांदाच अडखळली, कारण मोठ्याने सांगितल्यावर ते तिला स्वतःलाच वेड्यासारखं वाटलं. तांदूळ घेणाऱ्याला चार दाणे जास्त गेले तर त्याचं भलं होतं. बाळाला निम्मा पाव जास्त दाखवला तर बाळाच्या पोटात काही जात नाही. उलट जे जायला हवं होतं तेही राहतं.

नर्सबाईने शिसं नखाने खरवडून पाहिलं. बोलली ती इस्त्रीवाली.

"म्हणजे तू माझ्या नातीवर दया केलीस," ती म्हणाली. "काटेवाले, दया करायची होती तर एखादं अंडं आणून द्यायचं होतंस."

मग तिने इस्त्री उचलली आणि शर्टाची कॉलर इतकी दाबली की कापडातून वास आला. त्या दिवशी ती काटेवालीशी आणखी काही बोलली नाही, आणि पुढचे कितीतरी दिवसही नाही.

काटेवालीने तिथल्या तिथं, दोघींच्या समोर, शिसं कापून काढलं. नर्सबाईला ती म्हणाली की उद्या एकटी ठमी नाही, वस्तीतली सगळी मुलं पुन्हा तोलायची, आणि तोलायला मी येते. नर्सबाईने होकार दिला, पण हेही सांगितलं की साहेबांना हे कळवावं लागेल. कळवा, म्हणाली काटेवाली.

वस्तीत दुसऱ्या दिवशी तिचं स्वागत काही हारतुऱ्यांनी झालं नाही. बातमी आधीच पोचली होती. नवरा टेम्पोतून दांडी घेऊन आला होता. तो बिचारा पहिल्या दहा मिनिटांतच टेम्पोचं चाक तपासायच्या निमित्ताने खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला. बायकांनी तिला जे सुनवायचं ते सुनवलं. कुणी म्हणालं, आमची पोरं म्हणजे बाजारातले बटाटे वाटले का. कुणी म्हणालं, उगाच नाही हिचं दुकान बंद पडायला आलं. काटेवाली फटकळ बाई, पण त्या दिवशी ती एका शब्दानेही उलटली नाही. प्रत्येक आईला ती स्वतःच्या तोंडाने सांगायची की मागचे तीन महिने माझ्या चुकीने खोटं दाखवलं गेलं, आज खरं दाखवेल, आणि मूल झोळीत घ्यायची. भिंतीकडे तोंड करून उभी राहिलेली पोरगीही रांगेत होती. तिचं बाळ या वेळी शिशाशिवाय खाली गेलं. पोरीने ते दोनदा तोलायला लावलं.

त्रेचाळीस मुलांपैकी पाच वर गेली. दोघांना जंत निघाले, एकाला जुलाब लपून बसले होते, एकाच्या आईचं दूध आटलं होतं आणि ती सांगायला लाजत होती. पाचवी ठमी. नर्सबाईने तिच्या खोकल्याचं औषध दिलं आणि सुनेला समोर बसवून दाखवलं की पेज पातळ नको, चमचा उभा राहील इतकी घट्ट, वर चमचाभर तेल, आणि दिवसातून दोनदा नाही, पाचदा. सासू कामावर, सून घरकामात, ठमीला आजवर उरल्यासुरल्या वेळात भरवलं जात होतं. इस्त्रीवालीने दुसऱ्याच दिवसापासून नातीला गल्लीत आणायला सुरुवात केली. कपड्यांच्या गाठोड्यांमधे तिची जागा केली आणि दर दोन-तीन तासांनी इस्त्री उभी करून तिला भरवू लागली. पत्र्याच्या अलीकडे काटेवालीला चमच्याचा आवाज ऐकू यायचा. ती मोजायची. पाच झाले की तिचा हात हलका चालायचा.

साहेबांनी नर्सबाईच्या हाती निरोप पाठवला तो अपेक्षेप्रमाणेच. वस्तू चांगली, पण बनवणारीच दया येऊन वाकडी करत असेल तर तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा. नर्सबाईला हे सांगताना वाईट वाटत होतं. काटेवालीने मान डोलावली. साहेब बरोबर बोलले असं तिचं मत पडलं. माझ्यावर भरवसा ठेवायलाच नको, ती म्हणाली, आणि चार दिवसांची मुदत मागितली.

चार दिवसांत तिने पत्र्याचा एक गोल डबा केला, त्यात वाळू भरली, दवाखान्याच्या काट्यावर ठेवून बरोबर पाच किलो केली आणि झाकण डाग देऊन कायमचं बंद केलं. नळीवर एक वेगळी खाच पाडून तिला लाल रंग दिला. कुठलंही मूल तोलायच्या आधी झोळीत हा डबा ठेवायचा आणि वजन लाल खाचेवर आणायचं. दांडी आडवी राहिली तर काटा खरा. इकडे किंवा तिकडे तसूभर कलली तर तोलणं बंद, दांडी परत गल्लीत. अक्षर नको, आकडा नको, काटेवालीची शपथही नको. वस्तीतली कुठलीही बाई कुठल्याही दिवशी काटेवालीची चोरी पकडू शकेल.

साहेबांनी डबा दवाखान्याच्या काट्यावर स्वतःच्या हाताने ठेवून पाहिला, मग दांडीला स्वतःच बोटाने चिकणमातीचा गोळा चिकटवला आणि दांडी कलते का तेही पाहिलं. कलली. त्यांनी दहा वस्त्यांसाठी दहा दांड्या सांगितल्या. सगळ्यांना नाही, दहाच. काटेवालीला तेवढंच बरं वाटलं. दहा म्हणजे दहा नीट होतील.

डब्याला नाव बायकांनीच दिलं: वाळूबाई. आज वाळूबाई काय म्हणतात, असं विचारून तोलायला सुरुवात व्हायची. दोन महिन्यांनी आपल्या वस्तीतल्या तोलायच्या दिवशी इस्त्रीवालीने आधी वाळूबाईला बसवलं, मग नातीला. ठमीने पाय झाडले, चकती तेलात गुरगुरली आणि दांडी नातीच्या बाजूने खाली गेली, जेमतेम नाही, चांगली चार बोटं. इस्त्रीवाली संध्याकाळी पत्र्याला वळसा घालून आली आणि ठमीला काटेवालीच्या मांडीवर ठेवून कपडे पोचवायला निघून गेली. ती परत येईपर्यंत पोरीने कानशीचा दांडा चाटून ओला केला होता.

त्यानंतर एक दिवस दूरच्या वस्तीतली एक बाई खांद्यावर दांडी टाकून गल्लीत शिरली. काटेवाली तिला ओळखत नव्हती. बाई दोन बस बदलून आली होती आणि रागात होती. म्हणाली, वाळूबाई वर गेली, तुमची दांडी खोटी आहे, मी सगळ्या बायकांना घरी पाठवलं. एवढं बोलून ती भांडायच्या तयारीने कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

काटेवालीने दांडी टांगली, डबा ठेवला. खरंच, लांब बाजू जड झाली होती. तिने आकडा पाहिला, कडी पाहिली, खाचा चाचपल्या. मग नळीच्या लांब टोकात डोळा लावला आणि हसायला लागली. आत कुंभारमाशी मातीचं घर करून राहिली होती, चांगलं अंगठ्याएवढं, भिंतींसकट, तीन खोल्यांचं. सळईने उकरून तिने ती माती बाईच्या तळहातावर ठेवली. बाईने ती हलवून पाहिली.

एवढ्याने? बाईने विचारलं.

एवढ्याने, काटेवाली म्हणाली. आणि तू पकडलंस.

लाकडाचा एक तुकडा घेऊन ती नळीच्या तोंडात बसेल अशी खुंटी तासायला लागली. तासता तासता तिने पत्र्यापलीकडे हाक मारून सांगितलं की दोन कप चहा सांग, आणि हेही सांगितलं की बाकीच्या सगळ्या दांड्यांनाही खुंट्या लागणार, तेव्हा माझ्या नवऱ्याला टेम्पो घेऊन बोलाव. खुंटी ठोकून झाल्यावर तिने ती दांडी टांगली आणि स्वतः बाजूला झाली.

"तू बघ," ती बाईला म्हणाली.

बाईने वाळूबाईला झोळीत बसवलं, वजन लाल खाचेवर आणलं आणि वाकून दांडीच्या उंचीला डोळे आणले. गल्लीतून सायकली जात होत्या, कुलूपवाला किल्ली घासत होता. बाईने दांडी पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली, मग आणखी थोडी.

"आता ठीक आहे," ती म्हणाली, आणि चहाला बसली.